शैक्षणिक सहल आणि आपली देवळं

दिवाळी झाली की शाळा-कॉलेजांच्या सहलीच्या एसट्या रस्त्याला लागतात. शिर्डी, शिंगणापूर, वॉटर पार्क, जमलं तर रायगड. कागदावर नाव 'शैक्षणिक सहल', वहीत मात्र एक ओळ नाही. पोरांनी मजा करू नये असं कोण म्हणतंय? पण एक जुनी गोष्ट सांगतो.

१७५१ साली जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट हे दोघे इटलीहून अथेन्सला पोचले. मुक्काम ठोकून त्यांनी प्राचीन ग्रीक देवळं मोजली, नकाशे काढले. त्यात इलिसोस नदीकाठचं एक छोटं देऊळ होतं. १७७८ मध्ये तिथल्या तुर्की अंमलदाराने गावाच्या तटाला दगड हवा म्हणून ते पाडलं. आज त्या देवळाचं रूप कळतं ते मुख्यतः त्यांनी काढलेल्या चित्रांमुळे. पुढे ग्रीक देवळं बघायला जायचं म्हणजे वही-पट्टी घेऊन जायचं, अशी तिकडच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची रीतच पडली.

आता आपल्या नगर जिल्ह्याकडे (कागदोपत्री अहिल्यानगर) या. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडे रतनवाडीला अमृतेश्वर आहे. भूमिज पद्धतीचं शिखर, म्हणजे छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या माळा वरपर्यंत गेलेल्या. शेजारच्या पुष्करणीत कोनाड्यांमध्ये विष्णुमूर्ती. टाहाकारीला आढळेच्या काठी जगदंबेचं तीन गाभाऱ्यांचं देऊळ. हरिश्चंद्रगडावर तर चांगदेवांनी १३१२ मध्ये 'तत्त्वसार' लिहिलं. आणि श्रीगोंद्यात भीमेकाठचं पेडगाव. संभाजी महाराजांना १६८९ मध्ये तिथे आणलं गेलं, म्हणून लोक येतात, डोकं टेकवतात, ते योग्यच. पण त्याच किल्ल्यात लक्ष्मीनारायणाच्या भिंतीवर जे कोरीवकाम आहे, त्यापुढे दहा मिनिटं थांबणारे फार थोडे.

आपण या सगळ्यांवर एकच शिक्का मारतो: हेमाडपंती. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या लेखाचा शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं! तरी तेही हेमाडपंतीच. एकदा नाव चिकटलं की कोणी वय विचारत नाही.

बांधायची युक्ती मात्र बघण्यासारखी. चुना नाही. दगडाला खाचा पाडायच्या, एकात एक बसवायचे, वजनावर सगळं उभं. अथेन्सचं पार्थेनॉनही (इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२) चुन्याशिवायच उभं राहिलं, फक्त तिथे दगडांना लोखंडी पट्ट्या जोडून वर शिसं ओतलं. आठवीच्या पोराला हे देवळात उभं करून दाखवा, विज्ञानाचा तास तिथेच होईल.

घाई का? तर जीर्णोद्धार. महाराष्ट्रात कितीतरी गावांत काळ्या दगडावर ऑइलपेंट चढला, गाभाऱ्यात टाइल्स आल्या, झिजलेल्या वीरगळी पायरीला गेल्या. गावकऱ्यांची श्रद्धा खरी, वर्गणीही घामाची. त्यांना दोष देऊन काय होणार? आधी तिथे काय होतं याची नोंदच गावात नसते, त्यामुळे काय गेलं तेही कळत नाही. देशभर देवळं बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या चौंडीच्या लेकीचं नाव आपण जिल्ह्याला दिलंय, हेही जाता जाता आठवावं.

सर-मॅडम, यंदा एकच दिवस द्या. वीस पोरं, दोन मोजपट्ट्या, आलेखाच्या वह्या, एक बॅटरी. गावच्या पुजाऱ्याला आणि सरपंचाला आधी सांगून जा, गाभाऱ्यात विचारल्याशिवाय शिरू नका. एका गटाने खांब मोजायचे, दुसऱ्याने मूर्तींची यादी करायची, तिसऱ्याने आवारातल्या वीरगळी मोजून फोटो काढायचे. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत. रतनवाडीला पावसाळ्यात नेऊ नका, धुक्यात शिखरच दिसत नाही. डिसेंबर बरा.