मेरी लँब : शुश्रूषेचे न मोजलेले ओझे

१/ इंग्रजी शिकणाऱ्या अनेक पिढ्यांना शेक्सपिअर प्रथम भेटला तो १८०७ च्या 'टेल्स फ्रॉम शेक्सपिअर' या पुस्तकातून. त्यातील २० पैकी १४ कथा मेरी लँबच्या. पुस्तकावर नाव मात्र फक्त धाकट्या भावाचे, चार्ल्सचे, छापले गेले. मेरीचे श्रम हिशेबात न येण्याची ही पहिली वेळ नव्हती.

२/ साल १७९६. लंडनच्या होबर्न भागात, लिटल क्वीन स्ट्रीटवर लँब कुटुंब राहत होते. वडिलांनी आयुष्यभर सॅम्युअल सॉल्ट या वकिलाची चाकरी केली. १७९२ मध्ये सॉल्ट वारले आणि तो आधार सुटला. आता वडिलांची स्मृती ढळत होती, आई अपंग होऊन परावलंबी झाली होती आणि वृद्ध आत्याही त्याच घरात होती.

३/ २१ वर्षांचा चार्ल्स ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत हिशेबाचा कारकून होता. ३१ वर्षांची अविवाहित मेरी शिवणकाम करून घराला हातभार लावी, दिवसभर आईचे सर्व काही करी आणि रात्रीही तिच्याच जवळ झोपे. थोरला भाऊ वेगळा राहत असे. पण त्या उन्हाळ्यात पायाला इजा झाली, तेव्हा तोही शुश्रूषेसाठी याच घरी आला.

४/ आईने मेरीला कधी नीट ओळखलेच नाही, अशी खंत चार्ल्सने पुढे कवी कोलरिजला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आहे. मनोविकार या घराला नवा नव्हता. १७९५-९६ च्या हिवाळ्यात चार्ल्स स्वतः सहा आठवडे हॉक्स्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात होता.

५/ सप्टेंबरात मेरीची लक्षणे घरच्यांच्या ध्यानात आली. चार्ल्स सकाळीच डॉक्टरांच्या शोधात निघाला. भेट झाली नाही. २२ सप्टेंबरला, जेवणाची तयारी चालू असताना, मेरी सुरी घेऊन शिवणकाम शिकणाऱ्या मुलीवर धावून गेली. आईने तिला अडवू पाहिले आणि त्यात आईचा प्राण गेला. वडील जखमी झाले. चार्ल्सने मेरीच्या हातातून सुरी काढून घेतली.

६/ चौकशीत पंचांनी हे वेडाच्या भरातील कृत्य ठरवले. वृत्तपत्रातील बातमीने त्याचे कारणही सुचवले होते : मेरी आईशी अत्यंत मायेने वागे, आणि आईवडिलांच्या दुखण्यामुळे रात्रंदिवस कराव्या लागलेल्या सेवेनेच तिची ही अवस्था झाली असावी. जे घरात कोणी मोजले नव्हते, ते बातमीदाराला दिसले.

७/ मेरीला कायमचे इस्पितळात ठेवावे, असे थोरल्या भावाचे मत होते. चार्ल्सने ते मानले नाही. घराचे उत्पन्न वर्षाला सुमारे १७० ते १८० पौंड. त्यातले ५० ते ६० पौंड मेरीसाठी बाजूला काढता येतील, असा हिशेब त्याने मांडला.

८/ आता सेवेचा भार चार्ल्सवर आला. दिवसभर कचेरी आणि संध्याकाळी भ्रमिष्ट वडिलांसोबत पत्त्यांचा डाव. पत्र लिहायलाही उसंत मिळेना. खिन्नतेच्या भरात त्याने आपल्या कविता नष्ट केल्या. एप्रिल १७९९ मध्ये वडील वारले, आणि त्यानंतर मेरी त्याच्याकडे राहायला आली.

९/ आजार पुन्हा पुन्हा उलटत राहिला. पण आता लक्षणे ओळखण्याची सवय झाली होती. चाहूल लागताच भाऊ-बहीण वेळेवर, अश्रू ढाळत, इस्पितळाची वाट धरत. काही आठवड्यांनी मेरी बरी होऊन परते, आणि पुन्हा लेखन-वाचन, मित्रांच्या बैठका सुरू होत. हा क्रम १८३४ मध्ये चार्ल्सच्या मृत्यूपर्यंत चालला.

१०/ १८१५ मध्ये मेरीने टोपणनावाने शिवणकामावर एक निबंध लिहिला. पोटासाठी ११ वर्षे सुई चालवल्याचे तिने त्यात नोंदवले. घरातील स्त्रियांच्या विनामोबदला श्रमांना मोल नसते, आणि म्हणून त्यांना खरी विश्रांतीही मिळत नाही, हे तिचे म्हणणे.

११/ मेरीचा आजार केवळ श्रमांतून उपजला, असे म्हणता येत नाही; तो तिला जन्मभर पुरला. फरक पडला तो भोवतालच्या माणसांमुळे. १७९६ मध्ये सारे घर एकट्या मेरीच्या खांद्यावर होते. पुढे तिचा स्वतःचा भार उचलायला कोणीतरी होते. वयाच्या ८२ व्या वर्षी, १८४७ मध्ये, ती वारली. एडमंटनच्या चर्चच्या आवारात भाऊ-बहीण एकाच थडग्यात विसावले आहेत.