महागडे क्रीडा-घड्याळ आणि न मिळणारी आरोग्य सुविधा

छत्रपती संभाजीनगर : विद्यापीठ परिसर, हिमायत बाग, गोगाबाबा टेकडी किंवा गारखेड्यातील विभागीय क्रीडा संकुल. पहाटे येथे फिरणाऱ्या आणि धावणाऱ्या नागरिकांच्या मनगटावर आता साध्या घड्याळाऐवजी स्मार्टवॉच दिसू लागले आहे. बाजारात ही घड्याळे दोन-तीन हजार रुपयांपासून लाखाच्या घरापर्यंत मिळतात. किंमत जितकी जास्त, तितकी आरोग्याची मोजमापे अधिक आणि अचूक, असा ग्राहकांचा स्वाभाविक समज असतो. प्रत्यक्षात मात्र पन्नास-साठ हजार रुपये मोजूनही ईसीजी किंवा रक्तातील ऑक्सिजनची नोंद मिळेलच, याची खात्री नसते. त्यामागील कारणे खरेदीपूर्वीच समजून घेणे हिताचे ठरते.

सेन्सर काय मोजतो?

घड्याळाच्या पाठीमागे चमकणारा हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहातील चढउतार टिपतो आणि त्यावरून नाडीचे ठोके मोजले जातात. ऑक्सिजनच्या मोजणीसाठी लाल आणि अवरक्त प्रकाश वापरला जातो. ईसीजीची पद्धत वेगळी आहे. तेथे प्रकाशाचा उपयोग नसतो. घड्याळाच्या पाठीवर एक आणि कडेवर किंवा बटणावर दुसरा असे विद्युत संपर्कबिंदू लागतात. दुसऱ्या हाताचे बोट तेथे सुमारे ३० सेकंद टेकवले की हृदयाच्या विद्युत स्पंदनांचा आलेख मिळतो. म्हणजेच नाडी मोजणारे प्रत्येक घड्याळ ईसीजी काढू शकत नाही.

सुविधा नसण्याची तीन कारणे

पहिले कारण कंपन्यांच्या विक्री धोरणाचे. गार्मिनने मे २०२५ मध्ये फोररनर मालिकेतील ५७० आणि ९७० ही दोन घड्याळे आणली. दोन्हींमध्ये नव्या पिढीचा नाडी-सेन्सर आहे. ईसीजी मात्र सुमारे ७५० डॉलरच्या ९७० मध्येच आहे, सुमारे ५५० डॉलरच्या ५७० मध्ये नाही. साडेपाचशे डॉलर मोजणाऱ्या धावपटूला हे पटणे कठीण; पण महागड्या मॉडेलचे वेगळेपण राखण्यासाठी सुविधांची अशी विभागणी सर्रास केली जाते.

दुसरे कारण सरकारी परवानगीचे. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा इशारा देणे ही वैद्यकीय स्वरूपाची बाब मानली जाते आणि त्यासाठी देशोदेशीच्या नियामकांची मान्यता लागते. अॅपलने सप्टेंबर २०१८ मध्ये ईसीजीची क्षमता असलेले सिरीज ४ घड्याळ सादर केले. अमेरिकेत ही सुविधा त्याच वर्षी सुरू झाली. भारतीय ग्राहकांना मात्र ती सप्टेंबर २०१९ मध्ये नव्या सॉफ्टवेअरबरोबर मिळाली. घड्याळ तेच, सेन्सरही तोच; तरीही जवळपास वर्षभर ती सुविधा येथे बंद होती. भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे, तसेच निदानासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअरही औषध कायद्याच्या कक्षेत आले आहे. त्यामुळेच अनेक कंपन्या आपली मोजमापे ‘केवळ सर्वसाधारण आरोग्यासाठी, वैद्यकीय उपयोगासाठी नव्हे’ अशी तळटीप देऊन मोकळ्या होतात.

तिसरे कारण पेटंटच्या वादाचे. मासिमो या कंपनीने केलेल्या तक्रारीवरून अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अॅपलच्या विरोधात निर्णय दिला. परिणामी जानेवारी २०२४ पासून अॅपलने अमेरिकेत विकलेल्या नव्या घड्याळांतील ऑक्सिजन मोजणीची सुविधा बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती बदललेल्या स्वरूपात परत आली. भारतात विकल्या जाणाऱ्या घड्याळांना हा निर्णय लागू नव्हता. परदेशातील मुलगा किंवा भाचा भेट म्हणून घड्याळ आणतो, अशी कुटुंबे मराठवाड्यातही कमी नाहीत. अशा वेळी घड्याळ कोणत्या देशात विकत घेतले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आकड्यावर किती विसंबावे?

करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि ९४ हा आकडा सर्वांच्या तोंडी झाला. मनगटावरच ऑक्सिजन कळावा, ही अपेक्षा तेव्हापासून वाढली. परंतु बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर आणि घड्याळ यांत फरक आहे. मनगटावरून परत येणारा प्रकाश क्षीण असतो. हाताची हालचाल, थंडी, सैल पट्टा आणि त्वचेचा रंग यांचाही मोजणीवर परिणाम होऊ शकतो. वेग सतत बदलत धावताना किंवा वजने उचलताना हिरव्या प्रकाशावर आधारित नाडीमापनही चुकू शकते. अशा वेळी छातीला बांधावयाचा पट्टा अधिक विश्वसनीय ठरतो.

ईसीजीची मर्यादा तर अधिक गंभीर आहे. रुग्णालयातील ईसीजी १२ बाजूंनी हृदयाची नोंद घेतो, घड्याळ केवळ एका बाजूने. त्यातून ठोक्यांची अनियमितता कळू शकते, हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. छातीत कळ आली, दम लागला, घाम फुटला आणि घड्याळाने ‘सर्व सामान्य’ असे दाखवले, तर त्या आकड्यावर विसंबून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. काही घड्याळे रक्तदाबाचा अंदाज देतात. मात्र सॅमसंगच्या पद्धतीत दंडाला बांधण्याच्या यंत्राशी दर २८ दिवसांनी मेळ घालावा लागतो. सुई न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून तर दूरच राहावे. अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला मान्यता दिलेली नसल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

ग्राहकाचे हक्क

जाहिरातीत दाखवलेली सुविधा भारतात मिळतच नसेल, तर काय करावे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणीवपूर्वक लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. ग्राहकाला प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेथे दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग खुला असतो. कंपनीचे कार्यालय कोठेही असले तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ‘काही देशांत उपलब्ध नाही’ अशी तळटीप आधीच दिलेली असेल, तर मात्र ग्राहकाची बाजू कमकुवत होते.

खरेदीपूर्वी एवढे तपासा

- कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर त्याच मॉडेलसमोर सुविधेचे नाव आहे का?
- सुविधा आजच मिळते, की ‘लवकरच’ असे आश्वासन आहे?
- त्यासाठी विशिष्ट फोन किंवा मासिक वर्गणी लागते का?
- वयाची अट आहे का?
- घड्याळ भारतात विकलेले आहे का आणि त्याची हमी येथे लागू आहे का?
- जाहिरातीची प्रत आणि बिल जपून ठेवले आहे का?

अंतर, वेग आणि सरावातील सातत्य यांची नोंद ठेवण्यासाठी क्रीडा-घड्याळ उत्तम साधन आहे. हृदयाच्या तपासणीसाठी मात्र डॉक्टरांकडेच जावे. चाळिशीनंतर प्रथमच धावण्यास सुरुवात करणाऱ्यांनी घड्याळाच्या खरेदीआधी वैद्यकीय तपासणी करून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.