थीम शिकणे म्हणजे काय शिकणे

२०२३ च्या सप्टेंबरात अंतिम अधिसूचना निघाली आणि उस्मानाबाद जिल्हा कागदोपत्री धाराशिव झाला. १९८२ मध्ये लातूर वेगळे झाले तेव्हा जिल्ह्याचा नकाशा बदलला होता. या वेळी नाव बदलले. तेव्हाचा बदल पाट्या, शिक्के आणि पत्रशीर्षे एवढ्यात आटोपला. आता संकेतस्थळांचीही भर पडली, आणि संकेतस्थळावरचे नाव बदलायला काय लागते हे पाहिले की संकेतस्थळे बांधण्याच्या व्यवसायाचे मर्म उलगडते. नुसत्या एचटीएमएलमध्ये बांधलेल्या जुन्या स्थळावर नाव प्रत्येक पानावर स्वतंत्र लिहिलेले असते. शंभर पाने असतील तर शंभर पाने उघडावी लागतात. वर्डप्रेससारख्या प्रणालीत ते डेटाबेसच्या ‘ऑप्शन्स’ नावाच्या तक्त्यात एका ओळीत बसलेले असते आणि प्रत्येक पानाचा माथा ते तिथून मागून घेतो. ओळ बदलली की सगळ्या पानांचे माथे बदलतात. मात्र जुन्या बातमीच्या मजकुरातले नाव असे बदलत नाही, आणि ते बदलूही नये, कारण ती त्या दिवसाची नोंद आहे. चित्रात कोरलेली अक्षरे बदलत नाहीत. पत्ता नवा घेतला तर चित्रांच्या दुव्यांत साठलेला जुना पत्ता शोधून बदलावा लागतो आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्याकडे वळवावे लागते. मजकूर कोणता, मांडणी कोणती आणि व्यवस्थेची नोंद कोणती, ही फोड ज्याला करता येते त्याला हा व्यवसाय आला. ही फोड थीम, म्हणजे स्थळाचे रूप ठरवणारा साचा, बांधताना जितकी नीट कळते तितकी दुसऱ्या कुठल्या कामात कळत नाही. धाराशिवसारख्या जिल्ह्यांना संगणकाचे बाकी बरेच काही मिळाले, पण नेमकी हीच विद्या पोचली नाही, असे माझे म्हणणे आहे.

ही फोड एका दिवसात झालेली नाही. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी खुली केली, तेव्हा पानातच प्रोग्राम लिहिण्याची सोय झाली, पण मजकूर आणि मांडणी एकमेकांत गुंतलेलीच राहिली. बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्ट यांनी जानेवारी २००१ मध्ये ड्रुपल ही संकेतस्थळ बांधण्याची प्रणाली खुली केली. मे २००३ मध्ये मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी बीटू या बंद पडत चाललेल्या प्रणालीतून वर्डप्रेस उभे केले, तेही बीटूचा कोड खुला होता म्हणूनच. फेब्रुवारी २००५ च्या १.५ आवृत्तीत वर्डप्रेसमध्ये थीम आली आणि मजकुराला धक्का न लावता स्थळाचे रूप बदलता येऊ लागले. पुढे उपथीम आली: मूळ थीम तशीच ठेवायची, आपले बदल तेवढे वेगळ्या फोल्डरात ठेवायचे. २०१० मध्ये ‘थीसिस’ नावाच्या विकाऊ थीमवरून मोठा वाद झाला. थीमचा पीएचपी कोड वर्डप्रेसच्या जीपीएल या मुक्त परवान्याखाली येतो की नाही, हा प्रश्न होता. अखेर थीसिसच्या कर्त्याने तो भाग जीपीएलखाली आणला. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे, कारण थीम विकत घेतलेली असो वा फुकटची, तिचा पीएचपी कोड उघडून वाचण्याचा हक्क त्याला मिळतो.

मराठीला मात्र ही फोड आणखी उशिरा मिळाली. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी पान शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांवर चाले. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठलेली असत रोमन अक्षरांची किंवा चिन्हांची सांकेतिक रूपे. फॉन्ट काढला की मजकूर अगम्य होई, शोधयंत्राला तो सापडत नसे आणि एका वृत्तपत्राच्या स्थळावरचा उतारा दुसऱ्या फॉन्टात उघडत नसे. म्हणजे मराठीत रूप हाच मजकूर होता. थीम बदलण्याचा प्रश्नच नव्हता. युनिकोडने अक्षराला स्वतःची ओळख दिली तेव्हा कुठे मराठी पानाला थीम लावणे अर्थपूर्ण झाले. तरीही काम संपले नाही, कारण बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या असतात. इंग्रजी मथळा ऐटबाज दिसावा म्हणून थीमकार अक्षरांमधले अंतर वाढवतो; तोच नियम ‘तुळजापूर’ला लागला की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांचा होतो. ओळींतले अंतर कमी ठेवले की ‘तुळजापूर’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘धाराशिव’च्या वेलांटीत अडकतो. सगळी अक्षरे मोठ्या लिपीत दाखवण्याच्या आज्ञेला देवनागरीत अर्थच नाही. आणि एक बारकावा तर तालुक्यांच्या नावांतच आहे. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांत ही रूपे असतात, पण पानाची भाषा मराठी असल्याचे थीमने माथ्यात सांगितले तरच ती उमटतात. भाषा हिंदी लिहिली, किंवा इंग्रजी तशीच राहू दिली, तर लोहारा आणि वाशी ही नावे परक्या वळणाने छापली जातात. हा दोष मजकूर भरणाऱ्याला दुरुस्त करता येत नाही. थीम उघडता येणाऱ्याला तो दोन ओळींत दुरुस्त करता येतो.

आता धाराशिवच्या वाट्याला काय आले ते पाहू. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएससीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यात संगणक नेला, आणि हे काम मोठे आहे यात शंका नाही. पण तो अभ्यासक्रम वापरायला शिकवणारा होता: टंकलेखन, तक्ते, सादरीकरण, इंटरनेट. जिल्हा प्रशासनाचे आजचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस-थ्री-वास या व्यवस्थेवर उभे आहे, आणि तिचा पाया वर्डप्रेसच आहे. जिल्ह्यांसाठी तयार थीम वरून येतात. जिल्ह्यात उरते ते मजकूर आणि छायाचित्रे चढवण्याचे काम. पाया मुक्त सॉफ्टवेअरचा, पण तो उघडून पाहण्याचे कारण जिल्ह्यात कुणालाच उरले नाही.

यावर रास्त आक्षेप आहेत. प्रत्येक जिल्ह्याने आपापले स्थळ बांधले तर सुरक्षेचे तीनतेरा वाजतील आणि दृष्टिहीनांना वाचता येण्यासारखी मांडणी कुणीच करणार नाही, हा पहिला. तो मला पूर्ण मान्य आहे; सरकारी स्थळ केंद्रीय व्यवस्थेतच असावे. पण जिल्हा म्हणजे फक्त कलेक्टर कचेरी नव्हे. शाळा, ग्रंथालये, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, दिवाळी अंक, छोटी वृत्तपत्रे यांना केंद्रीय थीम मिळत नाही. त्यांना पुण्यातून विकत घेतलेले, इंग्रजी साच्यात कोंबलेले मराठी मिळते. दुसरा आक्षेप असा की आता ओढून-सोडून पान तयार करणारी साधने आली आहेत, यंत्रे कोडही लिहून देतात, मग थीम शिकायची कशाला? ही साधने वेळ वाचवतात हे खरे. पण तुटलेली शिरोरेषा चूक आहे हे ओळखायला मराठी वाचणारा डोळा लागतो, आणि ती चूक कोणत्या फाइलमधून येते हे सांगायला थीम वाचलेली असावी लागते. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: शिकण्याचे साहित्य इंग्रजीत आहे. तो अंशतःच खरा आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ड्रुपलची पूर्ण मालिका आहे, थीम निवडण्यापासून ती बसवण्यापर्यंत. प्रकल्पाचे धडे भारतीय भाषांत आवाज देऊन मिळतात, त्यांत मराठीही आहे. धडे छोटे असतात, पाहता पाहता शेजारच्या खिडकीत करून बघायचे, अशी त्यांची रीत आहे.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या संगणक विभागांनी हे एवढे तरी करावे: प्रत्येक विद्यार्थ्याला एक मुक्त थीम द्यावी, तिची उपथीम बांधायला लावावी आणि ती आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या मराठी मजकुरावर चालवून दाखवायला सांगावे. वर्डप्रेसमध्ये जुन्या धाटणीच्या उपथीमला सुरुवातीला एकच फाइल लागते, स्टाईल डॉट सीएसएस, आणि तिच्या माथ्यावर थीमचे नाव व मूळ थीम कोणती हे सांगणाऱ्या दोन ओळी पुरतात.