बोरीबंदर, जानेवारी १९५२

लोकलमधून उतरता आणि बोरीबंदरच्या बाहेर पाऊल टाकताच आधी ट्रामची घंटा ऐकू येते. सेंट्रल रेल्वे हे नाव पडून तीन महिनेही झालेले नाहीत. हमालाला विचारा, तो अजून जीआयपीच म्हणतो. हवेत गारवा आहे, मुंबईला शोभेल एवढाच. समोरच्या भिंतीवर निवडणूक चिन्हाची बैलजोडी अजून चिकटून आहे, आणि तिच्यावरच एक माणूस सिनेमाचं नवं पोस्टर लावतोय. एका हातात खळीचा डबा, दुसऱ्यात रुंद ब्रश, शिडी भिंतीला टेकवलेली. त्याच्याकडे नीट पाहून घ्या. तासाभरात तो तुम्हाला पडद्यावर भेटणार आहे.

कॅपिटॉलच्या बाजूला न्यू एम्पायर. २४ जानेवारीपासून इथे भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू आहे, १ फेब्रुवारीपर्यंत चालणार आहे. आशियात याआधी असं काही झालेलं नाही. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने तो भरवलाय. सुमारे ४० कथापट आणि १०० लघुपट मुंबईत दाखवायचे, मग तेच डबे घेऊन मद्रास, दिल्ली, कलकत्ता गाठायचं. स्पर्धा नाही, बक्षिसं नाहीत. ते मला फार चांगलं वाटतं. कोण जिंकणार याची कुजबुज नसली की लोक सिनेमाबद्दल बोलतात.

तुम्ही ज्या काळातून आलात तिथे नोव्हेंबर लागला की हाच महोत्सव गोव्यात भरतो, गळ्यात ओळखपत्र अडकवून लोक मांडवीच्या काठाने एका थिएटरातून दुसऱ्यात पळत असतात. आज पणजी पोर्तुगिजांच्या ताब्यात आहे. तुमच्या काळात पुण्याच्या महोत्सवात इराणचा, कोरियाचा, मेक्सिकोचा सिनेमा एकाच दिवशी पाहता येतो. इथल्या रांगेत उभ्या असलेल्यांसाठी मात्र परदेशी सिनेमा म्हणजे मेट्रोला किंवा इरॉसला लागणारा हॉलिवूडचा इंग्रजी सिनेमा. इटलीत, जपानमध्ये लोक कसे राहतात, कसे रडतात, हे त्यांनी पडद्यावर पाहिलेलंच नाही. म्हणून रांगेत एक वेगळीच अधीरता आहे. हॉलिवूडकडून दिग्दर्शक फ्रँक काप्रा स्वतः आलाय, त्याची चर्चा चालू आहे. ‘आवारा’ महिन्याभरापूर्वीच लागलाय, तोही महोत्सवात आहे. तेलुगूचा ‘पाताळ भैरवी’, बंगालीचा ‘बाबला’ आणि मराठीचा ‘अमर भूपाळी’. शाहीर होनाजी बाळाच्या आयुष्यावरचा दिग्दर्शक शांतारामबापूंचा हा सिनेमा इथून पुढे कान महोत्सवालाही जाणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे, रांगेला नाही.

तुमच्या पुढचा माणूस चाळिशीचा. धोतर, कोट, आणि कोटाच्या बाहीवर प्लास्टरचा पांढरा डाग. दादरच्या एका स्टुडिओत सुतारकाम करतो. मालकाने पास दिला म्हणून आलाय.

“पाव्हणं, हे इटलीचं कळंल का आपल्याला?” तो विचारतो. भाषेवरून कोल्हापूरचा.

“कळेल,” तुम्ही म्हणता.

अंधार होतो. ‘बायसिकल थीव्हज’ सुरू होतो.

रोम. युद्ध संपलंय, काम नाही. अंतोनियोला बऱ्याच दिवसांनी नोकरी मिळते ती भिंतींवर पोस्टरं चिकटवण्याची, आणि अट एकच, स्वतःची सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. त्याची बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते, गाठोडं बांधते आणि गहाणखान्यात नेऊन ठेवते.

आता नीट बघा, कारण माझ्या मते सगळा सिनेमा या काही क्षणांत आहे. चादरींच्या बदल्यात पैसे मिळतात, त्या पैशांत सायकल सुटते. खिडकीच्या पलीकडे कारकून त्यांचं गाठोडं काखेत मारतो आणि मांडण्या चढायला लागतो. एक फळी, दुसरी, तिसरी. कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो आणि आपल्याला दिसतं की छतापर्यंत गाठोडीच गाठोडी आहेत. प्रत्येकात कुणाच्या तरी पलंगावरच्या चादरी. कुणी भाषण करत नाही, पार्श्वसंगीत तुमचा हात धरून रडायला नेत नाही. एका घराची गोष्ट बघता बघता सबंध शहराची होते.

शेजारी सुतार पुढे सरकून बसलाय.

मग भिंतीवर रिटा हेवर्थचं पोस्टर चिकटवताना सायकल चोरीला जाते. पुढचा सगळा सिनेमा बाप आणि छोटा ब्रुनो रोमभर ती शोधत फिरतात एवढाच. पावसात आडोशाला थांबतात, तिथे पाद्री होऊ घातलेल्या तरुणांचा घोळका येऊन उभा राहतो. त्यांतला एकजण सर्जिओ लिओने आहे, पुढे वेस्टर्न सिनेमांनी जग गाजवणारा. थिएटरात हे फक्त तुम्हाला माहीत आहे. बाप पोराच्या थोबाडीत मारतो, मग वरमतो आणि असतील नसतील ते पैसे काढून त्याला हॉटेलात जेवायला नेतो. पलीकडच्या टेबलावर श्रीमंत घरचा मुलगा जेवतोय. ब्रुनो तोंडातला घास चावत चावत वळून त्याच्याकडे बघतो. थिएटरात कुणीतरी ‘च्’ करतं. ही दाद ओळखीची आहे, तमाशापासून कीर्तनापर्यंत सगळीकडे ऐकलेली.

शेवटी अंतोनियो स्वतःच एक सायकल उचलतो आणि पोरासमोर पकडला जातो.

दिवे लागतात. बाहेर येता येता सुतार विचारतो तो प्रश्न समीक्षकांनी विचारायला हवा होता.

“ह्यात सेट कुठं व्हता?”

नव्हता म्हटलं तर चालेल, तुम्ही सांगता. बहुतेक सगळं खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या बाजारांत. तो थांबतो. रस्त्यावर शूटिंग? पब्लिक कसं आवरलं? लायटी कुठं लावल्या? आणि तो हिरो, त्याचं काय घेतलं असंल?

तुम्ही जेवढं माहीत आहे तेवढं सांगता. अंतोनियो झालेला लांबेर्तो माज्जोरानी नट नव्हे, कारखान्यातला कामगार. पोरगा शूटिंग बघायला जमलेल्या गर्दीत दिसला. बायकोचं काम करणारी पत्रकार. हॉलिवूडचा एक मोठा निर्माता पैसे द्यायला तयार होता, पण नायक म्हणून त्याला कॅरी ग्रँट हवा होता. दिग्दर्शक दे सिकाने ते पैसे नाकारले आणि इटलीतच पैसा उभा केला. सिनेमा जगभर गाजल्यावर माज्जोरानी परत कारखान्यात गेला आणि त्याची नोकरी गेली. हे शेवटचं सांगताना तुमचा आवाज खाली येतो. ते सिनेमापेक्षाही कठीण आहे.

सुतार बराच वेळ गप्प असतो. मग म्हणतो, “पाव्हणं, ही गोष्ट आमच्याकडं झालीया.”

तो पंधरा वर्षांचा पोरगा होता, कोल्हापुरात, महाराष्ट्र फिल्म कंपनीत. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला तेव्हा पाट्या आणि फळ्या उचलायला होता. सावकाराने जमीन गिळली म्हणून शेतकरी शहरात जातो आणि गिरणीत राबतो. त्या शेतकऱ्याचं काम शांतारामबापूंनी केलं होतं. अंधारी झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं, एवढं दाखवलं होतं, तो सांगतो, आणि बघणाऱ्याच्या पोटात कालवायचं.

तो सांगतोय ते तुम्ही कधीच बघू शकणार नाही. ‘सावकारी पाश’चा मूकपट तुमच्या काळापर्यंत टिकलेला नाही. म्हणून तर मला वाटतं, आपल्याकडे वास्तववाद इटलीहून आला हे वाक्य लिहिताना हात थोडा थांबवावा. शेतकऱ्याची हलाखी पडद्यावर आणायला कोल्हापूरने रोमची वाट पाहिली नव्हती. मधल्या वर्षांत आपण ती वाट सोडली होती. या महोत्सवाने दिलं ते धाडस: स्टुडिओच्या भिंतींबाहेर, नटाचं नाव न बघता, थोडक्या पैशांत असा सिनेमा होऊ शकतो आणि लोक तो श्वास रोखून बघतात, याचा पुरावा.

याच महोत्सवात दिग्दर्शक बिमल रॉय ‘बायसिकल थीव्हज’ पाहतात. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ येतो. जमीन वाचवायला कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शंभू झालेले बलराज साहनी खऱ्या रस्त्यांवर अनवाणी धावतात. १९५४ मध्ये त्याला कानमध्ये पुरस्कार मिळतो. कलकत्त्यात जाहिरात कंपनीत नोकरी करणाऱ्या सत्यजित राय यांनी ‘बायसिकल थीव्हज’ आधीच लंडनमध्ये पाहिलाय. येत्या ऑक्टोबरात ते आपल्या पहिल्या सिनेमासाठी काश गवताच्या पांढऱ्या फुलांत कॅमेरा लावतील आणि पुढची अडीच-तीन वर्षं पैशांसाठी वणवण करतील. स. का. पाटलांच्या सरकारी चौकशी समितीने चित्रपटांना कर्ज देणारी संस्था आणि चित्रपट शिकवणारी शाळा सुचवलीय, पण दोन्ही उभ्या राहायला १९६० उजाडेल. शाळेला जागा मिळेल ती पुण्याच्या प्रभात स्टुडिओची. या महोत्सवातून निघालेली वाट पुढे किती लांब गेली, हे कोर्टाच्या बाकांवर अनोळखी चेहरे बसवून चैतन्य ताम्हाणेने केलेला ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार घेतो तेव्हा कळतं.

यातलं काहीही तुम्ही सुताराला सांगू शकत नाही. सांगायची गरजही पडत नाही, कारण तो पुढच्या सिनेमाला लागलाय.

“त्या रोमचा आणखी एक हाय म्हणं. जर्मन तिथं असतानाचा.”

‘रोम, ओपन सिटी’. जर्मन सैन्य शहरातून हटल्यावर थोड्याच महिन्यांत दिग्दर्शक रोस्सेलिनीने तो करायला घेतला, कच्ची फिल्मही धड मिळत नव्हती, हे तुम्ही सांगता.

“मग आणली कुठनं?”

“मिळेल तिथून.”

तो हसतो. मिळेल तिथून आणणं त्याला पटतं, त्याचं सगळं आयुष्य त्यातच गेलंय. ट्राम येते, दादर टीटीची. तो दांडा धरून पायरीवर चढतो आणि वळून ओरडतो, उद्या सकाळी राजवाड्याचे खांब उभे करायचेत, सोळा नग, प्लास्टरचे. रातच्याला बसून संपवतो आणि येतो. तुम्ही जागा धरून ठेवा, पुढची नको, मधली.