रजिस्टरातील मातृभाषेचा रकाना

बालाघाट जिल्हा १८६७ पासून पुढच्या काही वर्षांत घडला, तो भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून. मराठी येथे बाहेरून आली असे म्हणणाऱ्यांनी आधी तो जुना नकाशा पाहावा. भरवेलीत मात्र माणसे आणली ती खाणीने. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे मँगनीज निघू लागले आणि पोवार, मरार, गोंड गावकऱ्यांच्या शेजारी भंडाऱ्याकडची मराठी कुटुंबे, छत्तीसगढी कुटुंबे राहू लागली. मुले एकाच शाळेत आली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची मॉयल, स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूरला. बापाची नोकरी नागपूरच्या कागदावर, मुलाची गुणपत्रिका भोपाळच्या!

मी मुख्याध्यापक, दाखल-खारीज रजिस्टर चाळणे हे माझे रोजचे काम. आडनावे मेश्राम, रामटेके, पटले, बिसेन, उईके. मातृभाषेच्या रकान्यात मात्र हिंदी, हिंदी, हिंदी. आईशी मराठीत भांडणारा मुलगा शाळेच्या माध्यमामुळे कागदावर हिंदीभाषी होतो. लिहिणारा विचारतो, ‘हिंदीच ना?’ बाप मान डोलावतो. त्याला पाळीवर जायचे असते.

ही नोंद क्षुल्लक नव्हे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवले होते की, शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले निराळ्या मातृभाषेची असतील, तर प्राथमिक स्तरावर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क आणून राज्यांवर अशा सोयीची जबाबदारी टाकली. पण ती १० मुले मोजायची कोठून? याच रकान्यातून. तेथे शून्य असले की मागणीचा अर्ज करणाऱ्याच्याच हातात परत येतो, आणि अर्ज फेटाळणाऱ्यालाही दोष देता येत नाही.

जनगणनेचा नियम तर साधा आहे: बालपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. शाळेचे माध्यम त्यात येतच नाही.

पोवारी बोलणाऱ्या घरांचे त्याहून अवघड. जनगणना पोवारीला हिंदीच्याच गटात धरते. तरी २०११ च्या तक्त्यांत त्या गटाखाली पोवारीची वेगळी ओळ छापलेली आहे, तीन लाखांवर माणसांची. कारण तेवढ्यांनी दारात आलेल्या प्रगणकाला ‘पोवारी’ असे सांगितले होते.