साखरउद्योगातील प्रमाणलाभ व उत्पादकता (कोल्हापूर)

कारखान्याचा आकार वाढविल्याने दर नगामागील खर्च घटतो, तेव्हा त्या बचतीस प्रमाणलाभ म्हणतात. तेवढ्याच श्रम, भांडवल व कच्च्या मालातून अधिक उत्पादन मिळू लागले, तर ती उत्पादकतावाढ होय. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वेळी घडत असल्याने त्यांची फारकत करणे कठीण जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील साखरउद्योगात ही अडचण स्पष्ट दिसते.

१९३२ मध्ये साखरेस जकातीचे संरक्षण मिळण्यापूर्वी येथील ऊस मुख्यत्वे गुऱ्हाळांत जाई. १८९५ मध्ये वसविलेली शाहूपुरी पेठ गुळाच्या व्यापारामुळेच नावारूपास आली. पुढे कसबा बावडा येथे खाजगी गिरणी निघाली व स्वातंत्र्यानंतर पंचगंगा, वारणा आदी सहकारी कारखाने उभे राहिले. नव्या कारखान्यासाठी १,२५० टन दैनिक गाळपक्षमता किमान मानली जाई. १९८७ मध्ये ती २,५०० टनांवर नेण्यात आली. यामागील तर्क साधा आहे. पात्राची धारकता घनाच्या प्रमाणात वाढते, त्यास लागणारा पत्रा मात्र वर्गाच्या प्रमाणात. शिवाय कामगार व देखरेख दुप्पट करावी लागत नाही. तथापि मोठ्या कारखान्यास ऊस दुरून आणावा लागतो आणि तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटत जाते. त्यामुळे यंत्रातील बचत पुष्कळदा वाहतुकीत खर्ची पडते.

उत्पादकतेचे माप म्हणून साखर उताऱ्याकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. कोल्हापूरचा उतारा बहुधा १२ टक्क्यांच्या आसपास राहत आला असून तो देशात उच्च गणला जातो; पण त्याचे श्रेय बव्हंशी जमीन, हवामान व उसाची जात यांना द्यावे लागते. समजा, १४ टक्के साखर असलेल्या उसातून एका कारखान्याने १२ टक्के साखर काढली आणि १२ टक्क्यांच्या उसातून दुसऱ्याने १०·५ टक्के. पहिल्याचे निष्कर्षण ८५·७ टक्के, तर दुसऱ्याचे ८७·५ टक्के भरते; म्हणजे कमी उताऱ्याचा कारखानाच तंत्रदृष्ट्या सरस ठरतो.

हा भेद केवळ शास्त्रीय नाही. २००९ पासून लागू झालेला रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी निगडित असल्याने मापातील चूक थेट ऊस उत्पादकाच्या पदरात पडते. २०१८ नंतर उसाचा रस व बी-जड मळी इथेनॉलकडे वळू लागली, तेव्हापासून तर पोत्यांत भरलेल्या साखरेवरून काढलेला उतारा, वळविलेली साखर त्यात मिळविल्याखेरीज, निरर्थक ठरतो.