बारा कळा आणि बाराखडी

मराठी लेखनाचा इतिहास सांगताना लेखनसाधनांना आपण सहसा तळटीपेची जागा देतो. बोरू, टाक, शिळाप्रेस, खिळे, टंकलेखनयंत्र ही नावे ओघात येऊन जातात आणि चर्चा पुन्हा ग्रंथांकडे, संप्रदायांकडे, वाङ्मयीन प्रवाहांकडे वळते. साहित्याच्या अभ्यासकाला हे स्वाभाविकही वाटते. लिहिलेले महत्त्वाचे, कशाने लिहिले ते गौण. परंतु आज सर्वसामान्य मराठी माणसाचे बहुतेक लेखन ज्या साधनावर होते, त्या मोबाइलच्या बाबतीत हा हिशेब चुकतो असे आम्हाला वाटते. या साधनाने मराठी माणसाच्या हाती लेखन दिले आणि त्याच वेळी कित्येक वर्षे त्याच्या हातून त्याची लिपी काढून घेतली. हे कुणी ठरवून केले नाही. ‘सोय’ या निरुपद्रवी शब्दाच्या पोटात ते घडले. ही सोय कुणाची पाहिली गेली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभ मोबाइलच्या पुष्कळ आधी करावा लागेल. तबकडी फिरवण्याऐवजी कळा दाबायच्या असतील तर त्यांची मांडणी कशी असावी, याचा अभ्यास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात झाला. माणसाची बोटे, डोळे आणि स्मरण यांची परीक्षा घेऊन यंत्र घडवण्याची ही पद्धत तेव्हा नवीच होती. अनेक मांडण्या प्रत्यक्ष माणसांच्या हाती देऊन वेग व चुका मोजल्या गेल्या. त्याचे निष्कर्ष १९६०मध्ये आर. एल. डाइनिंगर यांनी प्रसिद्ध केले. १९६३च्या नोव्हेंबरात दहा कळांचा दूरध्वनी बाजारात आला. चांदणी आणि चौकट या दोन कळांची भर १९६८मध्ये पडली आणि आपल्या परिचयाच्या बारा कळा पुऱ्या झाल्या.

या कळांवर अंकांबरोबर रोमन अक्षरेही होती. ती मुळात लिहिण्यासाठी नव्हतीच. अमेरिकी शहरांत दूरध्वनी केंद्राच्या नावाची आद्याक्षरे क्रमांकात वापरत. क्रमांक लक्षात राहावा म्हणून तबकडीवर अक्षरे आली आणि तिथून ती कळांवर उतरली. जुन्या तबकडीवर तर रोमन वर्णमालेतील ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांना स्थानच नव्हते. म्हणजे ज्या पाटीवर पुढे जगातील कोट्यवधी माणसांनी पत्रे, निरोप, भांडणे आणि कविता लिहिल्या, ती पाटी लेखनासाठी घडलेलीच नव्हती. ती क्रमांक फिरवण्यासाठी उत्तम घडली होती, एवढेच.

दुसरा निर्णय युरोपातला. भ्रमणध्वनीच्या युरोपीय प्रमाणाची आखणी चालू असताना, १९८५मध्ये बॉन येथे फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी टंकलेखनयंत्रावर निरनिराळी वाक्ये टंकून त्यांतील अक्षरे मोजली. बहुतेक वाक्ये १६०च्या आत बसत. पोस्टकार्डे आणि टेलेक्सचे संदेश यांवरूनही हे माप पुरेसे ठरले. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने पहिला लघुसंदेश पाठवला, तेव्हा हे माप कायम झालेले होते. संदेशाच्या पोटात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट एवढी जागा. एका रोमन अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे. देवनागरीसह इतर लिप्यांसाठी जी पद्धत होती, तिच्यात प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात. म्हणून त्याच जागेत चिन्हे मावतात ७०.

‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द घेऊ. मराठी कानाला आणि डोळ्याला त्यात चार अक्षरे आहेत. यंत्राच्या हिशेबी मात्र व्यंजने, मात्रा, हलन्त आणि अनुस्वार हे सारे वेगळे मोजले जाऊन त्यात पंधरा चिन्हे होतात. सत्तरांतली पंधरा म्हणजे एका शब्दात संदेशाचा पाचवा हिस्सा संपला. हाच शब्द रोमनमध्ये लिहिला तर तेरा अक्षरे होतात आणि १६०पैकी जेमतेम बारावा हिस्सा खर्ची पडतो. संदेश लांबला की त्याचे तुकडे होत आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे पडत. ज्या काळात एकेका संदेशाला पैसे मोजावे लागत, त्या काळात आपल्या लिपीत लिहिणाऱ्याला दुपटीहून अधिक भुर्दंड पडे.

पैशांखेरीज श्रमही होते. रोमन सव्वीस अक्षरे आठ कळांवर तीन-तीन, चार-चार अशी बसतात. आपल्याकडे वर्णच पन्नासच्या आसपास, शिवाय मात्रा आणि जोडाक्षरे. एका कळीवर एक वर्ग ठेवावा ही कल्पना शास्त्रशुद्ध खरी. पण मग पवर्गातला ‘म’ पाचव्या दाबाला येतो आणि तवर्गातला ‘न’ही पाचव्याच. ‘मन’ एवढे दोन अक्षरी लिहायला दहा वेळा कळ दाबायची. रोमनमध्ये तेच चार दाबांत होते. या कष्टावर सिअॅटलच्या ‘टेजिक’ कंपनीने १९९०च्या दशकात ‘टी-नाइन’ हा उपाय काढला. प्रत्येक अक्षरासाठी कळ एकदाच दाबावी आणि कोणता शब्द अभिप्रेत आहे हे यंत्राने आपल्या कोशातून ओळखावे, अशी ही युक्ती. तिचे मूळ अपंग व्यक्तींसाठी संवादसाधन घडवण्याच्या कामात होते, ही मुद्दाम नोंदवण्यासारखी गोष्ट. पण कोशावर विसंबणारी युक्ती मराठीत लवकर अडखळते. आपला शब्द सामान्यरूप घेतो, विभक्तीचे प्रत्यय घेतो, शब्दयोगी अव्यये पाठीशी बांधतो आणि वर ‘च’ किंवा ‘ही’ लावून मोकळा होतो. ‘घर’ कोशात असेल. ‘घरच्यांबरोबरही’ कोणत्या कोशात शोधणार?

याचा परिणाम काय झाला हे सर्वांना ठाऊक आहे. २०००नंतरच्या दशकात देवनागरी दाखवू शकणारे हँडसेट येऊ लागले होते आणि मराठीतून संदेश वाचणारा वर्गही होता. ऑक्टोबर २००७मध्ये रॉयटर्सने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू केली, तेव्हा बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला मराठीतूनच जाई. परंतु वाचणे सोपे झाले म्हणून लिहिणे सोपे झाले नाही. मराठी माणूस मराठीत वाचे आणि रोमनमध्ये उत्तर देई. वाचकाची लिपी एक आणि लेखकाची दुसरी, अशी फाळणी एकाच माणसात झाली.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो हलका नाही. लिपी म्हणजे भाषा नव्हे. शतकानुशतके मराठीचा व्यवहार मोडीत चालला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली, मराठी उरली. मग रोमनचे एवढे दुःख कशाला? आमचे उत्तर असे की मोडी आणि बालबोध या दोन्ही लिप्या मराठीच्या ध्वनींशी परिचित होत्या आणि दोन्हींचे लेखनसंकेत पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले होते. मोबाइलवरच्या रोमन मराठीला असा कोणताही संकेत नव्हता. ‘के-ए-एल-ए’ ही चार रोमन अक्षरे वाचा. हा शब्द ‘कला’ असेल, ‘कळा’ असेल, ‘काला’ असेल किंवा ‘काळा’ असेल. ‘भाकरी आणताना उशीर होईल’ अशा निरोपात संदर्भ अर्थ राखतो. कवितेत मात्र ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ऱ्हस्व आणि दीर्घ यांतील अंतरावरच पुष्कळ काही उभे असते. अनेक वृत्ते तर ऱ्हस्व-दीर्घावाचून संभवतच नाहीत. रोमनमध्ये लिहिणारी पिढी मराठी विसरली असे आम्ही म्हणणार नाही. मराठीचे हे भेद हाताने करण्याची सवय मात्र तिच्यापासून दुरावली.

यंत्रासाठी लिपी वाकवावी की लिपीसाठी यंत्र, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. देवनागरी छापायला शेकडो खिळे लागत, जुळाऱ्याचे श्रम वाढत, टंकलेखनयंत्रावर तर सारी जोडाक्षरे बसतच नसत. म्हणून लिपीच सुटसुटीत करावी असे प्रस्ताव आले. सावरकरांनी पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्या प्रस्तावांमागची तळमळ खरी होती. त्या काळी यंत्र जड, महाग आणि परदेशी होते. बदलता येण्यासारखी गोष्ट आपल्या हाती एकच होती, ती म्हणजे लिपी.

संगणकाने हा पेच उलटा फिरवला. १९८६मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण ठरवला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि ‘क’च्याच कळीवर वरच्या बाजूला ‘ख’. बहुतेक जोडाक्षरांसाठी वेगळी कळच नाही. लिहिणाऱ्याने उच्चाराच्या क्रमाने वर्ण द्यावेत, रूप यंत्राने घडवावे. १९९१च्या भारतीय प्रमाणात, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमध्येही, हेच तत्त्व स्वीकारले गेले. वर्ण कोणता आणि तो दिसतो कसा, या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. दिसण्याची बाजू सांभाळणाऱ्यांत र. कृ. जोशी होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. विंडोज २०००सोबत आलेला ‘मंगल’ हा टंक त्यांचा, आणि जोशी हे सुलेखनकार तसेच कवीही होते. मराठीच्या खास गरजा मात्र हळूहळूच पुऱ्या झाल्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक, म्हणजे समुद्र आणि डोंगरांमधल्या खोल जागा यांतला फरक, ज्या यंत्राला दाखवता येत नाही, त्याला मराठी येते असे म्हणता येणार नाही. इंग्रजी शब्दांसाठी आपण वापरतो त्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८मध्ये.

मोबाइलच्या संदर्भात सर्वांत बोलके काम मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात झाले. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये ‘कीलेख’ हा कळफलक मांडला. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात असतात तशी त्यात अक्षरे वर्गवार ओळींत होती, कारण ज्याने कधी टंकलेखन केले नाही त्याच्याही डोळ्यांसमोर तो तक्ता असतोच. पुढे स्पर्शपटलाचे फोन आले, कळा उरल्याच नाहीत, आणि २०१३मध्ये याच केंद्रातून ‘स्वरचक्र’ बाहेर आले. व्यंजनावर बोट ठेवावे, त्याभोवती त्याची स्वरयुक्त रूपे चक्राकार उमटावीत, हव्या त्या रूपाकडे बोट सरकवावे. हलन्ताकडे बोट नेले की पुढची जोडाक्षरे आधीच दिसू लागतात. दुसऱ्या शब्दांत, ही आपली बाराखडीच, फक्त ओळीऐवजी चक्रात मांडलेली. पाटीवर ‘क का कि की’ गिरवलेल्या माणसाला येथे नवे काही शिकायचे नव्हते. त्याला जे येत होते, ते यंत्राने शिकून घेतले होते. आमच्या मते अर्धशतकाच्या या कथेतील खरे वळण ते हेच. बेल प्रयोगशाळेने माणसाकडे पाहून यंत्र घडवले होते. पण तो माणूस इंग्रजी क्रमांक फिरवणारा होता. त्या पद्धतीचा अवलंब मराठी लिहिणाऱ्या माणसासाठी होण्यास इतका अवधी लागला. २०१६मध्ये भारतीय मानक संस्थेच्या प्रमाणाने प्रत्येक फोनवर सर्व बावीस अनुसूचित भाषा वाचता येण्याची आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता येण्याची अट घातली, तेव्हा ही सोय उपकार न राहता अपेक्षा झाली.

तथापि कथा येथे सुखान्त होत नाही. आज अनेकजण रोमनमध्ये टंकतात आणि यंत्र त्याची देवनागरी करून देते. २०१७पासून गूगलच्या कळफलकावर मराठी बोलूनही लिहिता येते. लिपी परत आली, पण ऱ्हस्व की दीर्घ, ‘न’ की ‘ण’ हा निर्णय लिहिणाऱ्याकडून सुचवण्यांच्या यादीकडे गेला. यादीत जे रूप आधी दिसते तेच बोटाखाली येते. प्रमाण मराठीला याचा लाभ आहे, हे मान्य करावे लागेल. पण अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारा जेव्हा आपला शब्द लिहू पाहतो आणि यंत्र त्याच्या जागी पुस्तकी शब्द पुढे करते, तेव्हा एकेकाळी मुद्रितशोधक जे काम उघडपणे करी तेच काम न बोलता होत असते. मुद्रितशोधकाशी वाद घालता येई. यादीशी वाद घालायचा तर शब्द पुन्हा पुन्हा, चिकाटीने, आपल्या पद्धतीने लिहीत राहणे एवढाच मार्ग उरतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठी लेखनाचा इतिहास शिकवताना बोरू आणि खिळे यांच्यापाठोपाठ कळफलकाचाही पाठ असावा. विद्यार्थ्यांनी एकच उतारा तीन पद्धतींनी लिहून पाहावा: रोमनमधून, बोलून, आणि बाराखडीच्या आधारे अक्षर अक्षर घडवून. तिन्ही उतारे शेजारी ठेवले की कोणता निर्णय आपण घेतला आणि कोणता आपल्या वतीने घेतला गेला, हे त्यांना स्वतःच दिसेल. ज्या पिढीचा बहुतेक पत्रव्यवहार याच पाटीवर झाला, तिचे वाङ्मय उद्या संपादित करणाऱ्यांना हा भेद ओळखता आलाच पाहिजे.